आधी अन्नात तपासा, मग ‘अन्नपरिरक्षक’ म्हणा: अन्नविज्ञान नियतकालिकांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
अन्नविज्ञान आणि अन्नसूक्ष्मजीवशास्त्र या विषयांवरील नियतकालिकांची संपादक मंडळे, तसेच त्यांच्याकडे आलेले निबंध तपासणारे सर्व परीक्षक

विषय: सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडांना ‘नैसर्गिक अन्नपरिरक्षक’ म्हणण्यापूर्वी मागायचा पुरावा

सप्रेम नमस्कार.

मी अन्नसूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा पदार्थ किती दिवस टिकेल, त्यात रोगकारक जिवाणू शिरलाच तर तो वाढेल की नाही, हे तपासणं माझं रोजचं काम. त्यासाठी तुमची नियतकालिकं वाचावीच लागतात, आणि त्यांत एका ठरावीक साच्याचा निबंध वारंवार समोर येतो. कुणीतरी एखाद्या जिवाणूपासून, बेडकाच्या कातडीपासून, बियांपासून किंवा दुधातल्या प्रथिनापासून नवं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, वेगळं काढतं. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर ते जिवाणूंना रोखतं. मग शेवटच्या परिच्छेदात वाक्य येतं, की हे पेप्टाइड नैसर्गिक अन्नपरिरक्षक म्हणून वापरता येईल. मधल्या पानांत अन्न कुठेच नसतं.

माझी मागणी एकच आहे. ज्या पेप्टाइडाची परीक्षा प्रत्यक्ष अन्नात, ते अन्न ज्या तापमानाला साठवतात त्या तापमानाला आणि त्याच्या टिकण्याच्या पूर्ण मुदतीपर्यंत झालेली नाही, त्याच्या निबंधाच्या शीर्षकात, सारांशात किंवा निष्कर्षात ‘अन्नपरिरक्षक’ हा दावा छापू नका. निबंध जरूर छापा. दावा तेवढा काढायला लावा.

पेप्टाइडांबद्दल मला आकस आहे म्हणून हे लिहीत नाही. त्यांच्याकडून मला फार अपेक्षा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार दगावतात. अन्न टिकवण्याची आपली बरीचशी साधनं म्हणजे उष्णता, मीठ, आम्ल, सुकवणं, थंडी आणि मोजकी रसायनं. त्यांत खरोखर उपयोगी अशा नव्या साधनाची भर पडली तर ती मला हवीच आहे. म्हणूनच हे क्षेत्र आश्वासनांवर आणखी काही दशकं काढणार असेल, तर मला ते पाहवत नाही.

जे पेप्टाइड खरोखर अन्नात पोचलं, ते कसं पोचलं ते पाहू. १९२८ मध्ये अमेरिकेत रॉजर्स आणि व्हिटियर यांच्या लक्षात आलं, की दुधातले काही स्ट्रेप्टोकोकस जिवाणू दुसऱ्या लॅक्टिक जिवाणूंची वाढ अडवतात. १९३३ मध्ये न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड चीजच्या विरजणाची तक्रार तपासत होते. विरजण नीट लागत नव्हतं, कारण दुधात आधीच असलेले जिवाणू काहीतरी सोडून त्याला दाबून टाकत होते. ते ‘काहीतरी’ प्रथिनाच्या जातीचं आहे, हे त्यांनी दाखवलं. पुढे इंग्लंडमध्ये मॅटिक आणि हिर्श यांनी त्यावर काम केलं, आणि १९४७ मध्ये त्याला निसिन हे नाव मिळालं. औषध म्हणूनही त्याचा विचार झाला, पण शरीराच्या सामूला ते फारसं विरघळत नाही आणि टिकतही नाही. १९५१ मध्ये हिर्श आणि सहकाऱ्यांनी ते चीजमध्ये आणलं. स्विस पद्धतीच्या चीजमध्ये क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचे बीजाणू (उष्णता सोसणारी सुप्त रूपं) अंकुरून वायू तयार करतात आणि चीज फुगून फुटतं. निसिन तयार करणारे जिवाणू घातल्यावर हा फुगवटा आटोक्यात आला. १९६९ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने त्याला मान्यता दिली, १९८८ मध्ये अमेरिकेने दिली. युरोपात ते ई २३४ या क्रमांकाने ओळखलं जातं.

या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की निसिन सापडलं तेच मुळी अन्नात, आणि तेही अन्न बिघडवणारी अडचण म्हणून. दुधात ते काम करतं का, हा प्रश्न विचारण्याची गरजच नव्हती. दुधात ते काम करत होतं, म्हणून तर विरजण बिघडत होतं. आज आपण नेमके उलट्या दिशेने निघतो. आधी पेप्टाइड, मग प्लेट, मग दावा, आणि अन्नाची पाळी आलीच तर सर्वांत शेवटी. १९८१ मध्ये बोमन यांच्या गटाने पतंगातलं सेक्रोपिन आणि १९८७ मध्ये झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतलं मॅगेनिन जगापुढे आणल्यापासून अशा पेप्टाइडांचा शोध जोरात सुरू आहे. त्यांची नोंद ठेवणाऱ्या संग्रहांत तीन हजारांहून अधिक नैसर्गिक पेप्टाइडं आहेत. शुद्ध स्वरूपात, परिरक्षक म्हणून, अनेक देशांत सर्रास वापरलं जाणारं बॅक्टेरिओसिन (जिवाणूंनीच दुसऱ्या जिवाणूंविरुद्ध बनवलेलं पेप्टाइड) मात्र अजूनही निसिनच आहे. एवढी मोठी तफावत केवळ सरकारी मंजुऱ्यांच्या दिरंगाईने पडत नाही.

आता ती प्लेट जवळून पाहा. अगारवर जिवाणूंचा पातळ थर पसरलेला असतो. मध्ये छोटं भोक पाडून त्यात पेप्टाइडाचे थेंब सोडतात आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी धुरकट थरात भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. आम्ही त्याला झोन म्हणतो आणि पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजतो. झोन दिसला की आनंद होतो, मलाही होतो. पण झोनचा आकार अगारचा थर किती जाड आहे, रेणू किती मोठा आहे, तो किती लवकर पसरतो यांवरही ठरतो. अगारमध्ये ऋणभारित गट असतात आणि ही पेप्टाइडं बहुधा धनभारित असतात, त्यामुळे काही तिथेच चिकटून बसतात आणि चांगलं पेप्टाइडही कमजोर दिसतं. म्हणजे झोन दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. वाढ थांबवणारी किमान मात्रा ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, काढली, तर आकडा अधिक नेमका मिळतो. पण अनेकदा माध्यम पातळ केलेलं असतं, मीठ जवळजवळ नसतं, आणि समोर प्रयोगशाळेतली सवयीची ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकोकस असते. मीठ वाढलं की बऱ्याच डिफेन्सिनांची (सजीवांच्या शरीरातल्या संरक्षक पेप्टाइडांची) ताकद ओसरते, हे जुनं ज्ञान आहे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमनेही तेच होतं. अन्नात तर हे तिन्ही भरपूर असतात.

असं का होतं, ते पेप्टाइडांच्या कामाच्या पद्धतीवरून कळतं. यांतली बहुतेक पेप्टाइडं धनभाराच्या जोरावर जिवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागाकडे ओढली जातात आणि त्यांच्या जलविरोधी बाजूमुळे पेशीपटलात घुसून ते फाडतात. ज्या दोन गुणांमुळे ती जिवाणूला चिकटतात, त्याच दोन गुणांमुळे ती अन्नातल्या ऋणभारित प्रथिनांना, डिंकांना आणि चरबीच्या कणांनाही चिकटतात. निसिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. पेशीभित्तिका बांधण्यासाठी लागणारा लिपिड टू नावाचा रेणू ते नेमका पकडतं. त्याने भित्तिकेचं बांधकाम थांबतं, शिवाय त्या रेणूच्याच आधाराने निसिन पटलात छिद्रं पाडतं. ठरलेलं लक्ष्य असल्यामुळे संवेदनशील जिवाणूंवर ते नॅनोमोलर मात्रेत चालतं. मॅगेनिनसारख्या, ठरलेलं लक्ष्य नसलेल्या पेप्टाइडांना त्याहून कितीतरी अधिक मात्रा लागते. अन्नात वाटेत गळती होणारच, आणि ती सोसायची तर सुरुवातीची ताकद फार मोठी असावी लागते. निसिनकडे ती होती.

आणि तरीही निसिन सगळीकडे चालत नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात असं दिसलं, की दुधातली चरबी वाढली तशी लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूविरुद्ध निसिनची ताकद कमी झाली, आणि एक पायसीकारक (चरबी पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) घातल्यावर ती काही अंशी परत मिळाली. कच्च्या मांसात तर निसिन दिसेनासंच होई. का, ते १९९९ मध्ये उलगडलं. मांसपेशींतलं ग्लुटाथायोन निसिनला जोडलं जातं आणि ते निकामी होतं. शिजवलेल्या मांसात ही अडचण बरीच कमी होते. आता विचार करा, निसिनसारख्या, दशकानुदशकं अभ्यासलेल्या पेप्टाइडाबद्दल एवढी मूलभूत गोष्ट कुणाला कळली ती मांसात हात घातल्यावरच. हजार प्लेटा भरल्या असत्या तरी ग्लुटाथायोन दिसलं नसतं, कारण अगारमध्ये ते नव्हतंच.

सामूचंही तसंच आहे. तीव्र आम्लात निसिन १२१ अंशांचं निर्जंतुकीकरणही बऱ्यापैकी सोसतं. सामू सातच्या आसपास गेला की त्याची विद्राव्यता आणि स्थैर्य दोन्ही घसरतात. बहुतेक ताजं, प्रथिनयुक्त अन्न नेमकं त्याच बाजूला असतं. त्यात अन्नातली विकरं आणि तिथे वाढणाऱ्या जिवाणूंनी सोडलेली प्रथिनभंजक विकरं पेप्टाइडाला कापत राहतात ती वेगळीच.

मला सर्वांत जास्त खटकतो तो वेळेचा प्रश्न. निबंधांत चोवीस तासांचे आकडे असतात आणि अन्न तीन-चार आठवडे थंडीत पडून असतं. साधा हिशेब करू. एका ग्रॅममध्ये लिस्टेरियाच्या १०,००० पेशी आहेत. पेप्टाइड घातल्यावर त्या १०० वर आल्या. निबंधात याला ‘दोन लॉग घट’ म्हणतात, आणि आलेखावर ती फार देखणी दिसते. आता उरलेल्या १०० पेशी शीतगृहात चोवीस तासांतून एकदा दुप्पट होतात असं धरा. लिस्टेरिया थंडीतही वाढते, हा तर तिचा कुप्रसिद्ध गुण. सात दुपटींनंतर त्या १२,८०० होतात. म्हणजे पेप्टाइडाने एक आठवडा मिळवून दिला. एक आठवडा म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणत नाही. कधीकधी तेवढाच हवा असतो. पण वापराची मुदत महिनाभराची असेल तर तो पुरत नाही, आणि पहिल्या दिवशी संपणारा आलेख ही गोष्ट वाचकाला कळूच देत नाही. उरलेल्या पेशी त्या पेप्टाइडाला दाद न देणाऱ्या असतील, तर पुढची वाढ अडवायला काहीच उरत नाही. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचे आकडे मागा. घसरणीनंतर रेषा वर चढते का, हे परीक्षकाला दिसलंच पाहिजे.

याहून गंभीर एक धोका आहे आणि त्याबद्दल निबंधांत क्वचितच बोललं जातं. अन्न नासवणारे जिवाणू आणि रोग पसरवणारे जिवाणू बहुधा वेगवेगळे असतात. वास येणं, बुळबुळीतपणा, आंबटपणा ही नासवणाऱ्यांची कामं, आणि त्यावरूनच माणूस अन्न टाकून देतो. एखाद्या पेप्टाइडाने नासवणाऱ्यांना दाबलं आणि रोगकारकाला सोडलं, तर अन्न ताजं दिसतं, ताजं लागतं आणि आत रोगकारक वाढत राहतो. जीवघेणं विष बनवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे प्रथिनं न पचवणारे प्रकार ३ अंशांपासून वाढू शकतात आणि प्रथिनं कुजल्याचा तो इशारा देणारा वासही ते आणत नाहीत. अशा वेळी टिकण्याची मुदत वाढवणं म्हणजे धोक्याची मुदत वाढवणं. ‘मुदत पाच दिवसांनी वाढली’ असं सांगणाऱ्या निबंधाला परीक्षकाने लगेच विचारायला हवं, की त्या पाच दिवसांत रोगकारकाचं काय झालं?

हे कल्पनेतलं नाही. माझ्याकडे एका उत्पादकाचा माणूस तुमच्यापैकी एका नियतकालिकातला निबंध छापून घेऊन आला होता. पदार्थ शिजवलेला, हवाबंद, थंडीत ठेवायचा. त्यांना उष्णता कमी करायची होती, म्हणजे चव आणि पोत सुधारेल, आणि राहिलेली कसर निबंधातल्या पेप्टाइडाने भरून काढायची होती. निबंधात दोन जिवाणूंवरचे झोन होते. बीजाणूंवर एक ओळही नव्हती. मी विचारलं, बीजाणूंचं काय? त्यांनी निष्कर्षातल्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. त्या वाक्यात पेप्टाइडाला ‘सुरक्षित आणि परिणामकारक नैसर्गिक परिरक्षक’ म्हटलं होतं. तो माणूस अप्रामाणिक नव्हता. छापलेलं वाचून त्याने विश्वास ठेवला होता. आम्ही त्या पदार्थात चाचणी लावली, बीजाणू घातले, आणि मुदत संपायच्या बऱ्याच आधी जिवाणूंचा काउंट वर गेला. उष्णता कमी करायचा बेत तिथेच थांबला. चाचणी न करताच माल बाजारात गेला असता तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

तुमच्या पानांवरचं शेवटचं वाक्य तुमच्या पानांवर राहत नाही, हे कृपया ध्यानात घ्या. ते निधीच्या प्रस्तावात जातं, पुढच्या निबंधाच्या प्रस्तावनेत ‘सिद्ध झालेलं आहे’ म्हणून जातं, वेष्टनावरच्या जाहिरातीत जातं. आता तर ते संगणकाच्या प्रतिमानांतही जातं. नवी पेप्टाइडं सुचवणारी प्रतिमानं आज झपाट्याने तयार होत आहेत आणि त्यांना शिकवायला जी माहिती मिळते ती प्रामुख्याने ब्रॉथमधल्या किमान मात्रांची. चरबीत ताकद किती उरली, चौथ्या आठवड्यात किती उरली, हे आकडे नोंदलेच गेले नाहीत तर ही प्रतिमानं ब्रॉथमध्ये उत्तम चालणारी लाखो पेप्टाइडं सुचवत राहतील.

ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंबद्दल थोडक्यात. त्यांचं बाहेरचं पटल निसिनला आत येऊ देत नाही, त्यामुळे थंडीतलं प्रथिनयुक्त अन्न नासवणारे स्यूडोमोनास आणि साल्मोनेलासारखे रोगकारक एकट्या निसिनला दाद देत नाहीत. ईडीटीए घातलं की ते पटलातले धातूचे आयन ओढून घेतं आणि वाट मोकळी होते, असं प्रयोगांत दिसतं. पण दुधासारख्या पदार्थात कॅल्शियम इतकं असतं की ईडीटीए त्यातच खर्ची पडतं. यीस्ट आणि बुरशी यांच्यावर निसिनचा उपयोग नाही. या मर्यादा निबंधात स्पष्ट लिहिल्या, तर निबंधाचं वजन वाढतं.

प्रतिरोधाचा मुद्दा मात्र थोडक्यात सोडता येत नाही. ‘पेप्टाइडं पटलच फाडतात, त्यामुळे प्रतिरोध येत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की ते खोडून काढायलाच हवं. जिवाणू आपल्या पृष्ठभागावरचा ऋणभार कमी करतात. भित्तिकेतल्या टायकोइक आम्लाला अ‍ॅलनिन जोडून किंवा पटलातल्या लिपिडांना लायसिन जोडून ते धनभारित पेप्टाइडांना दूर ठेवतात. काही जिवाणूंकडे निसिनला कापणारं प्रथिनच असतं. पेडिओसिनसारखी पेप्टाइडं लिस्टेरियावर फार तिखट असतात, पण ती पेशीत मॅनोज साखर आणणाऱ्या यंत्रणेला धरून काम करतात, आणि लिस्टेरियाने ती यंत्रणा कमी केली की पेप्टाइड निरुपयोगी. आपल्या शरीराची पहिली संरक्षणफळीही अशाच पेप्टाइडांची आहे. २०१२ मध्ये हॅबेट्स आणि ब्रॉकहर्स्ट यांनी दाखवलं, की मॅगेनिनपासून बनवलेल्या पेक्सिगॅननला सरावलेले स्टॅफिलोकोकस मानवी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधल्या डिफेन्सिनलाही कमी दाद देतात. कोलिस्टिन हे प्रतिजैविकही पेप्टाइडच. पशुपालनात ते सढळ हाताने वापरलं गेलं, आणि त्याला निकामी करणारं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ मध्ये जगाला कळलं. गंभीर संसर्गांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं औषध होतं ते. निसिन औषध म्हणून दिलं जात नाही, आणि इतकी दशकं वापरूनही ते अन्नात चालतं आहे. म्हणून सगळ्या पेप्टाइडांबाबत घबराट नको. पण रोज कोट्यवधींच्या पोटात जाणाऱ्या अन्नात नवं पेप्टाइड घालायचं म्हणताना, वाचलेल्या पेशी उचलून त्यांचा प्रतिरोध तपासला का, एवढं तरी परीक्षकाने विचारावं.

तेच मानवी सुरक्षिततेचं. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं, पूर्णपणे नैसर्गिक आणि जिवाणूंवर जालीम आहे. ते आपल्या तांबड्या पेशीही तितक्याच सहज फोडतं. निसिनची रोजची सुरक्षित मात्रा ठरवायला दीर्घ अभ्यास लागले. संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये ती शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅमपर्यंत धरली, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये १ मिलिग्रॅम. एकाच पदार्थाचा पुरावा पाहून दोन जबाबदार संस्था वेगळ्या आकड्यांवर येतात, इतकं हे काम बारकाईचं आहे. ‘नैसर्गिक स्रोतातून मिळालं, म्हणून सुरक्षित’ हे वाक्य या कामाच्या जागी छापलं जाऊ नये.

तुमचे आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला असा, की लहान प्रयोगशाळांना रोगकारक हाताळण्याची सोय नसते, मग त्यांनी काय करायचं? लिस्टेरिया मोनोसायटोजिनिसच्या जागी निरुपद्रवी लिस्टेरिया इनोक्युआ वापरता येते. तिचे निष्कर्ष अंतिम नसतात, पण चरबीत पेप्टाइड जगतं का, एवढं तिच्यावर नक्की कळतं. रोगकारक न घालता, निर्जंतुक केलेल्या अन्नात पेप्टाइड मिसळून आठवड्यागणिक किती सक्रिय उरतं, हेही मोजता येतं. त्याला महागडी उपकरणं लागत नाहीत. आणि हेही जमत नसेल, तर ‘अमुक जिवाणूपासून नवं सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइड’ हे शीर्षक पुरेसं आहे. मूलभूत शोधाला अन्नाचा टेकू लागत नाही. तो स्वतःच्या पायावर उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा, की अशी अट घातली तर निबंधांची संख्या घटेल. घटेल, आणि घटू द्यावी. पण त्याचबरोबर एक दार उघडा: अन्नात हरलेल्या पेप्टाइडांचे निबंध छापा. कच्च्या मांसात निसिन हरलं, हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला म्हणूनच ग्लुटाथायोनची भूमिका उलगडली. आज कितीतरी प्रयोगशाळांच्या वह्यांत ‘दुधात चाललं नाही’ अशी ओळ लिहून विषय संपतो, आणि दुसरीकडे कुणीतरी तेच पेप्टाइड पुन्हा दुधात घालून पाहतं. कोणत्या पेप्टाइडाला कोणत्या अन्नघटकाने खाल्लं, याची नोंद मिळाली तर माझ्यासारखीचं काम निम्मं हलकं होईल.

जी पेप्टाइडं यशस्वी झाली ती कशी, हेही त्या निबंधांच्या लेखकांना वाचायला लावा. ती सगळी अरुंद वाटेने गेली. एक अन्न, एक शत्रू, आणि सोबत दुसरा एखादा अडथळा. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये वितळवण्याच्या उष्णतेने साध्या पेशी मरतात, बीजाणू उरतात, आणि ते अंकुरून वाढू लागले की निसिन त्यांना तिथेच अडवतं. उष्णता आणि निसिन यांनी काम वाटून घेतलं आहे. एका जबर उपायाऐवजी अनेक सौम्य उपाय एकत्र लावायच्या, लायस्नर यांनी मांडलेल्या अडथळ्यांच्या तत्त्वाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. एप्सिलॉन-पॉलिलायसिनचंही पाहा. १९७७ मध्ये शिमा आणि साकाई यांनी स्ट्रेप्टोमायसिसपासून ते मिळवल्याचं जाहीर केलं. लायसिनच्या साधारण २५ ते ३५ कड्यांची ती साखळी. निसिन जिथे लंगडं पडतं त्या जवळपास उदासीन सामूला ते चालतं, उष्णता सोसतं, आणि म्हणून शिजवलेल्या पिष्टमय अन्नात त्याला जागा मिळाली. ऋणभारित प्रथिनं आणि डिंक जिथे जास्त आहेत तिथे तेही अडखळतं. त्याच्यावर काम करणाऱ्यांनी ही मर्यादा ओळखली आणि त्याला साजेसं अन्न निवडलं.

म्हणून परीक्षकांसाठीच्या सूचनापत्रात काही गोष्टी घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. अन्नाचं नाव, त्यातली चरबी, प्रथिनं, मीठ आणि सामू दिलेले असावेत. पेप्टाइड न घातलेला आणि, शक्य असेल तिथे, निसिन घातलेला असे दोन्ही तुलनेचे नमुने असावेत. एकाच वाणावर भागवू नये. अन्नातून मिळालेल्या अनेक वाणांचं मिश्रण वापरावं. शीतसाखळी मध्येच तुटते हे गृहीत धरून साठवणीचा काही काळ चढ्या तापमानाचा असावा, कारण खऱ्या जगात तसंच होतं. चवीवर काय परिणाम झाला, तेही सांगावं. जलविरोधी पेप्टाइडं अनेकदा कडू लागतात, आणि कडू अन्न कुणी खाणार नाही. मुदतीच्या शेवटी पेप्टाइड किती सक्रिय उरलं, हा आकडा तर हवाच. हे सगळं प्रत्येक निबंधाला जमणार नाही, मला मान्य आहे. जितकं जमलं तितकाच दावा करू द्यावा.

अन्नात घेतलेल्या चाचण्यांचे, विशेषतः अपयशी चाचण्यांचे निबंध तुम्ही स्वीकारू लागलात, तर ते तपासण्याचं काम मी आनंदाने घेईन. माझ्या ओळखीतले, हेच काम करणारे इतरही तयार होतील. आमच्याकडे अशा चाचण्यांच्या नोंदी आहेत, त्यांतल्या ज्यांना उत्पादकांची हरकत नाही त्या व्यवस्थित लिहून पाठवायचीही आमची तयारी आहे. त्या कोणत्या स्वरूपात हव्यात, तेवढं कळवा.

आपली,
एक अन्नसूक्ष्मजीवशास्त्रज्ञ